मी मोटार गंजवतो

या सदराच्या नेहमीच्या वाचकांना एक गोष्ट एव्हाना पाठ झाली असेल. प्रस्तुत लेखकाला हाताने काही करता येत नाही. भिंतीत खिळा ठोकायचा असला तर मी सुताराला निरोप धाडतो आणि सुतार येईपर्यंत कॅलेंडर कपाटाच्या मुठीला अडकवून ठेवतो. गेली बावीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवीत आलो. हातांना सवय ती खडूची. त्यामुळे यंदा मृगाच्या सुमारास माझ्या लिहायच्या टेबलावर, उत्तरपत्रिकांच्या गठ्ठ्याशेजारी, सॅण्डपेपर, टर्पेंटाइनची बाटली, केस झडलेला टूथब्रश आणि एक वीतभरही नसलेली मोटार दिसू लागली, तेव्हा घरात काळजीचे वातावरण पसरले. "पंचेचाळिशी उलटली की असं होतं म्हणे," असे सौ. आपल्या बहिणीला फोनवर सांगत होती. मी ते ऐकले नाही असे दाखवले.

खरे म्हणजे ह्या प्रकरणाचा आरंभ आमच्या सोसायटीच्या नोटिशीने झाला. आमची इमारत दादरच्या समुद्राच्या बाजूची, तीन मजली, जुनी. तिचा पुनर्विकास व्हायचा आहे. तेव्हा गणपतीपूर्वी आवारातील सर्व 'निरुपयोगी वस्तू' हलवाव्यात, असे फलकावर लागले. निरुपयोगी वस्तूंची यादीही होती. एक मोडका झोपाळा, दोन सिमेंटच्या कुंड्या आणि तिसऱ्या क्रमांकावर आमच्या अण्णांची फियाट.

तिचे कागदोपत्री नाव प्रीमियर पद्मिनी. पण आमच्या घरात तिला पद्मिनी कोणी म्हटले नाही; ती कायम 'फियाट'च राहिली. तशी तिची कुळकथा आपल्याकडचीच आहे. वालचंद हिराचंदांनी १९४४ मध्ये प्रीमियर कंपनी काढली, कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाटच्या गाड्या तयार होऊ लागल्या, आणि १९६४ पासून जे मॉडेल निघाले तेच पुढे १९७४ मध्ये पद्मिनी झाले. अण्णा विमा कचेरीत होते. नाव नोंदवून त्यांनी पाच वर्षे वाट पाहिली. १९८३ च्या डिसेंबरात मारुती आली तेव्हा शेजारपाजारचे म्हणाले, "आता थांबा, ही नवी घ्या." पण अण्णांचा नंबर लागला होता, आणि लागलेला नंबर सोडून देणारे ते गृहस्थ नव्हते. १९८४ च्या पाडव्याला क्रीम रंगाची फियाट आमच्या दारात आली. मी तेव्हा पाच वर्षांचा होतो. स्टिअरिंगच्या दांड्यावरचा गिअर, पुढे तिघांना पुरेल अशी सलग बैठक, खिडकीच्या कोपऱ्यातली ती त्रिकोणी काच. त्या काचेतून येणारा वारा थेट नाकात शिरे आणि माथेरानला जाताना नेरळपर्यंत मला गाडी लागत नसे.

२०११ मध्ये अण्णांच्या डोळ्यांचे ऑपरेशन झाले, त्यानंतर गाडी उभी राहिली ती राहिलीच. २०१३ मध्ये अण्णा गेले. मी ती विकली नाही आणि चालवलीही नाही. आळस म्हणा. पारिजातकाखाली ती बारा-तेरा पावसाळे उभी होती. आईला गुडघ्यांमुळे दोन वर्षांत जिना उतरता आलेला नाही. ती रोज सकाळी गॅलरीतून गाडीच्या टपावर पडलेली फुले तेवढी पाहते.

नोटीस वाचून आई काहीच बोलली नाही. फक्त म्हणाली, "फोटो काढून ठेव हो."

फोटो काढले. पण फोटोत गाडी सपाट दिसे. तेव्हा माझ्या डोक्यात आले की, आईला हातात धरता येईल अशी छोटी फियाट करून द्यावी. बाजारात खेळण्यातली काळी-पिवळी टॅक्सी मिळते, ती ह्याच गाडीची असते. खरी टॅक्सी ३० ऑक्टोबर २०२३ रोजी मुंबईच्या रस्त्यावरून निवृत्त झाली, खेळण्यातली अजून सेवेत आहे. मी आणली ती साधारण १२ सेंटिमीटर लांब होती. खरी गाडी जवळजवळ चार मीटर, म्हणजे हिशेब एकास बत्तीस पडला. साबणाच्या पाण्याने धुतली, मीटर कापला, टपावरचे कॅरिअर काढले, सॅण्डपेपर मारला आणि छान क्रीम रंग दिला. बंपरला रुपेरी. आठवडाभर खपून मी ती आईपुढे नेऊन ठेवली.

आईने ती उलटसुलट करून पाहिली. "सुंदर झाली आहे," ती म्हणाली. "कुणाची रे ही?"

मी म्हणालो, "आपलीच!"

"छे, आपली कुठे अशी आहे?" असे म्हणून तिने ती माझ्या हातात परत दिली. बोलण्यात दोष देण्याचा सूर नव्हता. चुकून आपल्याकडे आलेले दुसऱ्याचे पत्र आपण पोस्टमनला परत करतो ना, तसे.

तेव्हा मला कळले की, गाडी करून भागणार नाही, ती गंजवावी लागेल.

ह्या विद्येला इंग्रजीत 'वेदरिंग' म्हणतात. मराठी प्रतिशब्द शोधण्यात मी एक संध्याकाळ घालवली आणि 'जीर्णीकरण' असा एक भयंकर शब्द बनवला. तो ऐकून कन्या म्हणाली, "बाबा, म्हणजे तिला चार पावसाळे दाखवायचे ना?" महाविद्यालयात शिकवतो मी आणि भाषा येते हिला! जगात पुष्कळ माणसे हा उद्योग करतात. इंग्लंडच्या एअरफिक्सचे, जपानच्या तामियाचे प्लास्टिकचे सुटे भाग आणून रणगाडे, विमाने, मोटारी जोडायच्या आणि मग त्यांवर चिखल, धूर, गंज चढवायचा. १९७० नंतरच्या काळात अमेरिकेचे शेपर्ड पेन, बेल्जियमचे फ्रान्स्वा व्हर्लिंडेन ह्या मंडळींनी त्याची कला करून टाकली. नवी कोरी वस्तू विकत घ्यायची आणि ती जुनी दिसावी म्हणून महिनाभर राबायचे! आमच्या सौ.चे म्हणणे असे की, हेच काम आमच्या घरी धुणे-भांड्यांच्या बाबतीत विनासायास होते.

माझा पहिला प्रयत्न मात्र पार फसला. तपकिरी आणि नारिंगी रंग घेऊन मी गाडीभर फासले. टायर गंजले, काचा गंजल्या, आतली रेक्झिनची बैठकही गंजली. गाडी अशी दिसू लागली की, जणू तिच्यावर कोणी आमटीचे पातेले उपडे केले आहे. प्रथम वर्षाचा विद्यार्थी 'पावसाळ्यातील एक दिवस' लिहिताना जशी सगळी विशेषणे एकाच परिच्छेदात ओततो, त्यातला प्रकार. मला लाज वाटली. मी छत्री आणि विजेरी घेऊन खाली गेलो आणि चाळीस वर्षे घरात असलेली गाडी पहिल्यांदा नीट पाहिली.

गंजालाही व्याकरण असते. तो वाटेल तिथे येत नाही. जिथे पाणी थांबते तिथे तो येतो. पुढच्या काचेचे रबर फाटले होते. तिथून पावसाचे पाणी आत उतरून पायाखालच्या चटईत मुरले होते, म्हणून तळाचा पत्रा आधी गेला. दारांच्या खालच्या कडेला पाणी निघून जायला बारीक भोके असतात; ती पारिजातकाच्या पानाफुलांनी बुजली होती, म्हणून दारे खालून कुरतडल्यासारखी झाली होती. चाकांच्या वरच्या कमानींना आतून चिखल चिकटून राहिलेला, तिथे पत्र्याची जाळी. टप मात्र शाबूत. उन्हाने त्याचा रंग उडून खडूसारखा झाला होता, एवढेच. जुना गंज काळपट, नवा नारिंगी. आणि प्रत्येक छिद्रातून निघालेला ओघळ सरळ खाली जातो. आडवा ओघळ काढणारा माणूस पकडला गेलाच म्हणून समजा.

आमच्या स्टाफरूममध्ये रसायनशास्त्राचे एक सहकारी आहेत. त्यांना विचारले तर त्यांनी चहा थंड होईपर्यंत समजावून दिले. लोखंड, पाणी आणि हवेतला प्राणवायू एकत्र आले की गंज. हा गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाखाली तो फुगतो आणि वरच्या रंगाला फोड येतो. फोड फुटला की पुन्हा पाणी आत. त्यात खारे पाणी विजेचे वहन चांगले करते, म्हणून समुद्राकाठी गंजाला घाई. "तुमच्या दादरच्या हवेत हे व्हायचंच," असे ते म्हणाले, पार्ल्याचे असल्यामुळे जरा समाधानाने.

हे सर्व कळल्यावर रीत सुचली, म्हणजे जाणत्यांची रीत समजली. गाडी जशी गंजते त्याच क्रमाने थर द्यायचे, पण उलट बाजूने. आधी पूर्ण गाडीला लाल ऑक्साइडचा हात. त्यावर स्पंजाच्या तुकड्याने तपकिरी, करडे, नारिंगी ठिपके. ते वाळले की पारदर्शक व्हार्निश. आणि मग, वाचकहो, हेअरस्प्रे! केसांवर मारायचा तोच. कन्येने गॅदरिंगच्या नाचासाठी आणलेला डबा मी पळवला. त्याचे दोन पातळ हात द्यायचे आणि त्यावर वरचा क्रीम रंग फवारायचा. ह्यासाठी एअरब्रश नावाचे यंत्र लागते. त्याची किंमत सौ.ला मी निम्मी सांगितली आहे, आणि ती हे सदर वाचत नाही असे गृहीत धरून इथे लिहीत आहे. अर्ध्या-पाऊण तासाने रंगावर ओला कुंचला फिरवायचा. पाणी रंगातून खाली झिरपते, हेअरस्प्रे पाण्यात विरघळतो, आणि टूथब्रशने हलकेच टोचले की वरचा रंग खपल्या-खपल्यांनी सुटून खालचा गंज दिसू लागतो. पहिली खपली निघाली तेव्हा मी एकटाच खोलीत "वा!" म्हणालो.

फक्त हात आवरता आला पाहिजे. एकास बत्तीसच्या गाडीवर एक मिलिमीटरची खपली म्हणजे खऱ्या गाडीवर सव्वा इंचाचे भगदाड. भिंग, टाचणी आणि श्वास रोखून धरणे एवढ्यावर सारे काम. एक संपूर्ण दार मी तीन वेळा धुऊन पुन्हा रंगवले. फटींतून काळसर रेषा हवी म्हणून चित्रकाराचा तैलरंग टर्पेंटाइनमध्ये अगदी पातळ करून सोडला. तो आपोआप फटीत धावतो, ते पाहण्यासारखे असते.

शेवटी धूळ. गंजाची कोरडी भुकटी बाजारात महागड्या बाटल्यांतून मिळते. मी एक बाटली उघडून पाहिली आणि वास, रंग, स्पर्श सगळे ओळखीचे वाटले. देवघराच्या फळीवर गेल्या दिवाळीतल्या रांगोळीचा गेरू डब्यात उरला होता. गेरू म्हणजे तरी काय, लोखंडाचे ऑक्साइडच. गंजाचा सख्खा नाही तर चुलत भाऊ. आईला न विचारता चिमूटभर घेतला आणि मऊ कुंचल्याने दारांच्या खालच्या कडांना लावला. बाजारची बाटली मी परत केली.

आता जे सांगायचे ते सांगतो.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मी पुन्हा खाली गेलो होतो. डाव्या बाजूच्या मागच्या दारावर, खालच्या अंगाला, वीतभर लांबीचा एक पोचा आहे. त्यावरचा रंग बाकीच्या गाडीपेक्षा पिवळा. तो तसाच्या तसा छोट्या गाडीवर उतरवायचा, म्हणून मी विजेरी धरून बसलो होतो.

तो पोचा माझा. १९९७ मध्ये मी अठरा वर्षांचा होतो आणि एक जुनी निळी बजाज स्कूटर मला नुकतीच मिळाली होती. एकांकिकेच्या तालमीहून रात्री परतताना आवारात चाक घसरले आणि स्कूटर फियाटच्या दारावर गेली. मी स्कूटर उचलली, आजूबाजूला पाहिले आणि वर जाऊन झोपलो. सकाळी अण्णांनी विचारले, "कुणी रे ठोकली?" मी म्हणालो, "पाववाल्याची सायकल लागली असेल." अण्णा "हं" म्हणाले. पाववाल्याला त्यांनी कधी काही विचारले नाही.

एरवी गाडीचे एवढेसे काम निघाले तरी अण्णा गॅरेजमध्ये जात. त्या रविवारी मात्र त्यांनी स्वतः पुट्टी आणली, क्रीम रंगाचा छोटा डबा आणला आणि मला म्हणाले, "डबा धर." तासभर मी डबा धरून उभा होतो. रंग जमला नाही, पिवळा पडला. "चालेल," म्हणाले. आणि त्याच आठवड्यात, "पावसाळा आहे," म्हणून माझ्या स्कूटरचे ब्रेक बदलून आणले.

त्या पुट्टीखाली आता गंज शिरला होता. नखाने उचलताच तिची खपली अख्खी हातात आली. खाली जुना क्रीम रंग होता आणि त्यावर चार बोटे लांब, अगदी ताजी वाटावी अशी एक निळी रेघ.

गॅरेजवाल्याने ती आधी घासून काढली असती. अण्णांनी घासली नव्हती. नुसती झाकली होती. डोळ्यांना चष्मा असला तरी त्या वेळी त्यांना सगळे लख्ख दिसत असे.

मी बराच वेळ तिथे बसून राहिलो. छत्री बाजूला पडली होती हे नंतर लक्षात आले. वर गेल्यावर सौ.ने विचारले, "एवढे भिजलात कसे?" मी गंजाचे काहीतरी सांगितले.

छोट्या गाडीवर पोचा उठवला तो मेणबत्तीवर तापवलेल्या चमच्याच्या पाठीने. खऱ्याचा वीतभर, इथे सहा मिलिमीटर. त्यावर पिवळट रंगाचे ठिगळ दिले, त्याची एक कड उचललेली दाखवली. आत फक्त गंज रंगवला. निळा रंग दिला नाही. एवढ्या लहान जागी तो उठून दिसेल, असे मी स्वतःला कारण दिले.

श्रावणाच्या शेवटच्या आठवड्यात गाडी गेली. आता जुन्या गाड्या नोंदणी झालेल्या केंद्रातच मोडीत द्याव्या लागतात, २०२१ पासून त्याचे नियम आहेत. कागद, सह्या, छायाचित्रे, सगळे रीतसर झाले. ओढणारा ट्रक आला तेव्हा चारी चाके जमिनीत रुतलेली. ती सुटताना गाडीखालून वाळक्या पानांचा आणि लाल भुकटीचा ढीग मागे राहिला. आई गॅलरीत उभी होती. ट्रक फाटकातून वळेपर्यंत तिने कठडा सोडला नाही. मग आत जाऊन तिने दूध तापत ठेवले.

संध्याकाळी मी छोटी गाडी तिच्यापुढे ठेवली. ती फुलवाती करीत बसली होती. चष्मा पुसून, माझे भिंग मागून घेऊन तिने ती पाहायला सुरुवात केली. टपावरून बोट फिरवले. फाटक्या रबराशी थांबली. दाराच्या खालच्या कडेचे बोट नाकाशी नेऊन म्हणाली, "गेरू घेतलास वाटतं माझा." मग गाडी फिरवून डाव्या बाजूच्या मागच्या दारावर भिंग धरले. तिथे ती बराच वेळ होती.

"इथं निळं होतं ना रे थोडं?" ती म्हणाली.

"तुला ठाऊक होतं?" मी विचारले.

"काय?" असे म्हणून तिने कापूस पुढे ओढला आणि पुढची वात वळायला घेतली.

निळा रंग माझ्याकडे नव्हता. कन्येच्या रंगपेटीतून घेतला. जेमतेम दोन मिलिमीटरची रेघ, एका केसाच्या कुंचल्याने काढायची. पण हात थरथरत होता, म्हणून तीनदा पुसावी लागली. आई शेजारी बसून गाडी धरून होती.